ढालीवरचा कंदील

सकाळचा उजेड आमच्या कारखान्यात थेट येत नाही. तो आधी दुसऱ्याच्या घरी जाऊन येतो. गल्लीपलीकडच्या तीन मजली इमारतीची चुना लावलेली भिंत सूर्याला आधी भेटते, आणि तिच्यावरून परतलेला, ऊन गाळून टाकलेला उजेड आमच्या उत्तरेकडच्या खिडकीतून आत उतरतो. सुरुवातीला तो इतका पातळ असतो की तो आला आहे हे वस्तूंवरूनच कळते. भिंतीवर ओळीने टांगलेल्या कानशींपैकी सर्वांत वरची आधी राखाडी होते. मग टर्पेंटाइनच्या बाटलीच्या गळ्याशी एक पांढरी रेघ उमटते. मग ज्या वाळूभरल्या चामडी गादीवर पितळ ठेवून आम्ही कोरतो, तिच्या सुरकुत्या एकेक करून वर येतात. त्या उजेडात पिवळेपणा असेपर्यंत पितळेला हात लावायचा नसतो, कारण पिवळ्यावर पडलेले पिवळे खोली लपवते आणि कोरणी कुठवर गेली हे कळत नाही. नऊच्या सुमारास तो रंग निवळतो. उजेड पाण्यासारखा होतो, कोणाचीच बाजू न घेणारा. साडेअकरापर्यंत तो तसा टिकतो आणि तेवढीच आमच्या कामाची खरी वेळ.

त्या सकाळी मी तो सगळा प्रवास पाहिला. उजेड निवळला, गादीपर्यंत आला, पितळेच्या गोल ठोकळ्यावर स्थिर झाला, आणि माझ्या हातातली कोरणी होती तिथेच राहिली.

“उजेड फुकट मिळतो म्हणून नुसता बघत बसायचं नसतं,” भिंगकाका म्हणाले.

कारखाना हा शब्द फक्त पाटीवर आहे. आत आम्ही दोघेच: मी, आणि ज्यांचा तो कारखाना आहे ते भिंगकाका. त्यांच्या उजव्या डोळ्याला भिंग इतकी वर्षे लागलेले आहे की ते काढल्यावरच चेहरा अपुरा वाटतो. आम्ही शिक्के कोरतो. नोटरींचे, शाळांचे, सहकारी संस्थांचे, आणि वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या चर्चचा. पण समोरचा ठोकळा वेगळा होता. तो एका बिशपांच्या मोहरेचा होता, आणि ते बिशप म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ.

दादाची नेमणूक जाहीर झाली तेव्हा अभिनंदनाला आलेल्या लोकांनी आमच्या दोन खोल्या भरून गेल्या होत्या. त्या गर्दीतच त्याने मला कोपऱ्यात ओढून सांगितले होते की मानचिन्ह तूच काढायचेस आणि मोहोरही तूच कोरायचीस; दुसऱ्या कोणाच्या हातचे मला नको. प्रत्येक नव्या बिशपाला स्वतःचे मानचिन्ह ठरवावे लागते. मधली ढाल तेवढी त्याची स्वतःची असते. बाकीचे सगळे ठरलेले. ढालीमागे उभा क्रूस, वर रुंद काठाची हिरवी टोपी, टोपीपासून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या दोऱ्या आणि त्यांना प्रत्येकी सहा गोंडे, खाली बोधवाक्याची फीत. गोंड्यांच्या बाबतीत भिंगकाका फार कडक. बाजूला सहा म्हणजे बिशप, दहा झाले की आर्चबिशप, पंधरा झाले की कार्डिनल. आपल्या हातून कोणाची परस्पर बढती व्हायला नको, असे ते दर वेळी बजावत आणि स्वतःच हसत.

ढालीत काय असावे हे दादाने पत्रात लिहून पाठवले होते. वरच्या पट्ट्यात निळ्यावर रुपेरी तारा, तो पवित्र मातेचा. खालच्या भागाचे दोन उभे वाटे. उजवीकडे तांबड्यावर सोनेरी ओळंबा, कारण आमचे वडील गवंडी होते आणि ज्या भिंतीला त्यांचा ओळंबा लागला ती भिंत कधी कलली नाही. डावीकडे हिरव्यावर रुपेरी कंदील. या कंदिलाबद्दल त्याने एक वाक्य लिहिले होते. तेच वाक्य दीक्षाविधीच्या पुस्तिकेत छापले जाणार होते आणि मिस्सेच्या उपासनेआधी सगळ्या सभेपुढे वाचले जाणार होते: “हा कंदील माझ्या धाकट्या भावाच्या त्यागाची खूण आहे, आमची आई आजारी पडली तेव्हा त्याने आपली सेमिनरी सोडली आणि तिच्या दाराशी दिवा तेवत ठेवला.”

हीच गोष्ट आमच्या घरात सात वर्षे सांगितली जात आहे. आई एका सकाळी स्वयंपाकघरात पडली, तिची उजवी बाजू गेली, आणि धाकटा सेमिनरीतले, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या शिक्षणाचे, तिसरे वर्ष पुरे न करताच घरी आला. दादा तेव्हा परदेशी शिकत होता. त्याला यायला महिना लागला. मी राहिलो. भिंगकाकांकडे काम शिकलो, आईला डाव्या हाताने चमचा धरायला शिकवला, आणि ही गोष्ट मी स्वतः कधी कोणाला सांगितली नाही. ती दुसऱ्यांनी सांगितली. मी फक्त खाली पाहत राहिलो. त्या खाली पाहण्याला लोक विनय म्हणत.

पत्र वाचल्यापासून मला एका जागी बसवेना. तो कंदील ढालीवर नको, एवढे एकच मला कळत होते. बिशपांची मोहोर ही आज बसवली उद्या काढली अशी वस्तू नाही. ती प्रत्येक नेमणुकीच्या पत्रावर उमटते, कॅथेड्रलमधल्या बिशपांच्या खुर्चीवर कोरली जाते, आणि एक दिवस त्यांच्या थडग्याच्या दगडावरही जाते. तोवर कंदील जळत राहणार, आणि कोणीतरी मुलांना बोट दाखवून सांगत राहणार की हा त्यांचा भाऊ. आपल्याला संकोच वाटतो आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग कलेचे नियम धुंडाळायला लागलो.

पहिल्या फोनवर मी दादाला सांगितले की कंदिलाच्या काचेभोवतीच्या तारा इतक्या बारीक होतील की लाखेत त्या बुजून जातील आणि ठसा डागासारखा दिसेल. तो शांतपणे म्हणाला की मग तारा कमी कर आणि कंदील मोठा कर. तेवढ्याने माझ्या मोहरेतला कंदील ओळंब्याहून मोठा झाला. भिंगकाकांनी आराखडा भिंगाखाली धरला आणि नाकापेक्षा मोती जड झाला आहे एवढेच बोलले.

दोन दिवसांनी मी दुसरा मुद्दा काढला. मोहरेत रंग नसतात, रेघा असतात: तांबड्यासाठी उभ्या, निळ्यासाठी आडव्या, हिरव्यासाठी तिरप्या, सोन्यासाठी ठिपके. चांदीसाठी काहीच नाही, ती जागा कोरी सोडायची. म्हणून, मी म्हणालो, रुपेरी कंदील म्हणजे तिरप्या रेघांच्या मधोमध एक भोक दिसेल. दादा हसला. कोरी जागा म्हणजे चांदी हे तूच मला शिकवलेस, म्हणाला, आणि आता तुलाच ती भोक वाटते?

तिसऱ्या वेळी माझ्याकडे नियम उरला नव्हता. घरातल्या माणसाला ढालीवर बसवू नये, लोक हसतील, असे काहीतरी मी अडखळत बोललो.

“बाबांचा ओळंबा चालतो आणि तुझा कंदील चालत नाही?” दादा म्हणाला. “का, तू अजून मेलेला नाहीस म्हणून?”

मी हसलो. हसणे फोनवरून चांगले पोचते. त्यातले बाकीचे पोचत नाही.

दीक्षाविधीला बारा दिवस राहिले होते. मोहोर आठ दिवसांत द्यायची होती, आणि पुस्तिका त्या गुरुवारी छापखान्यात जाणार होती. म्हणून मी कोरायला बसलो. पण माझे हात त्या दिवसांत माझे नव्हते. चार रेघा ओढायच्या, उठून खिडकीशी जायचे, नळाखाली बोटे धुवायची, परत यायचे, कोरणी दगडावर घासायची, ती आधीच धारदार असताना पुन्हा घासायची. भिंगकाका म्हणाले की इतकी धार लावलीस तर कोरणी पितळेतून आरपार जाऊन खालच्या भाडेकरूच्या डोक्यात पडेल. रस्त्याने जाताना मी प्रत्येक इमारतीवरची चिन्हे वाचू लागलो होतो: बँकेच्या दारावरचे मधमाशांचे पोळे, औषधांच्या दुकानावरचा साप, शाळेच्या फाटकावरचे उघडे पुस्तक. पोळ्यातल्या मधमाशांना कोणी विचारले होते का, असा एक मूर्ख प्रश्न मला पडत असे. झोपायच्या वेळी नव्हे, भर दुपारी, भाजी घेताना. भाजीवालीला, अजून काय देऊ, हे दोनदा विचारावे लागे.

मंगळवारी सकाळी खालचे दोन्ही वाटे पुरे झाले. मी पितळ पुसले, मऊ मेणाच्या गोळ्यावर ठोकळा दाबला, उचलला, आणि ठशाकडे पाहत राहिलो.

कंदील ओळंब्याच्या जागी होता.

ही चूक शिक्का कोरणाराच करू शकतो. ढालीचे उजवे-डावे ढाल हातात धरणाऱ्या माणसाकडून मोजतात, पाहणाऱ्याकडून नव्हे. म्हणून कागदावरचा शब्द वाचला की चित्र एकदा उलटवायचे. आणि शिक्का आरशासारखा कोरावा लागतो. म्हणून ते दुसऱ्यांदा उलटवायचे. भिंगकाकांसारख्या, आठवी झाल्यापासून रोज कोरणाऱ्या माणसालाही हे बोटांवर मोजावे लागते. मी एकदाच उलटवले होते. परिणामी उजवी बाजू, जी ढालीत मानाची मानतात, ती वडिलांच्या ओळंब्याकडून निघून माझ्या कंदिलाकडे आली होती.

भिंगकाकांनी ठसा पाहिला, भिंग कपाळावर सरकवले. मग म्हणाले की सहा वर्षांत तू उलट-सुलट कधी चुकला नाहीस. हाताला काही झाले आहे का, की आणखी कुठे. मी म्हटले, नवा ठोकळा घेतो, अजून दिवस आहेत. आणि खरे सांगायचे तर मला हलके वाटले. आता मोहोर नव्याने कोरावी लागणार, वेळ अपुरा पडणार, आणि वेळ अपुरा पडला की दादाला सांगता येईल की निदान कंदील तरी गाळू. चुकीला असे दार असते हे मला त्या क्षणी कळले, आणि ते दार मीच ठेवले होते की काय, हे पाहायला मी थांबलो नाही.

त्याच दुपारी दादा आईला भेटायला घरी येणार होता. मी मेणाचा ठसा रुमालात गुंडाळून घेऊन गेलो.

आमच्या घरी दादा बिशप नसतो. आई त्याला थोरल्या म्हणते आणि मला धाकट्या. नेमणुकीनंतर फरक इतकाच पडला की ती त्याला आधी बूट काढायला सांगते आणि मग आशीर्वाद मागते. तो आला तेव्हा ती खिडकीपाशी तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर टॉवेल, डाव्या हातात चहात बुडवलेला पाव. त्याने तिच्या कपाळाचे चुंबन घेतले. तिने त्याच्या शर्टाच्या कॉलरकडे पाहिले आणि तुमच्याकडे इस्त्री करायला कोणी नाही का, असे विचारले.

मी ठसा टेबलावर ठेवला आणि चूक सांगितली. मी ती अगदी नीट सांगितली, दोनदा उलटवणे, एकदा उलटवणे, सगळे. परत कोरायला वेळ कमी आहे, हेही सांगितले. कंदील गाळला तर कसे, हे वाक्य जिभेवर आणून ठेवले होते.

दादा मेणावर वाकून पाहत राहिला. त्याने बोटाचे टोक कंदिलावरून फिरवले, मग ओळंब्यावरून. वर पाहिले तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

“राहू दे,” तो म्हणाला. “असंच राहू दे. मी कागदावरचं चित्र बदलतो. बाबांनीसुद्धा हेच केलं असतं, त्यांनी स्वतःच सरकून तुला जागा दिली असती.”

मी म्हणालो की नियमाप्रमाणे वडिलांचे चिन्ह मानाच्या बाजूला हवे. तो म्हणाला की मानाची बाजू कोणाला द्यायची हे ढाल ज्याची तो ठरवतो. मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि आईला ते वाक्य वाचून दाखवले. तो चांगले वाचतो. त्याच्या आवाजात शब्दांना आपोआप उभे राहता येते. त्याग हा शब्द आमच्या त्या लहान खोलीत उभा राहिला आणि त्याला बसायला कोणी खुर्ची देईना. आई हातातला पाव तसाच धरून ऐकत होती. तिच्या चेहऱ्याची एकच बाजू हलते. ती बाजू हलली नाही.

“छान लिहिलंयस,” ती शेवटी म्हणाली. “लांबण लावली नाहीस, ते बरं केलंस.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. धर्मप्रांताचे चिटणीस फादर होते. दादा बोलत बोलत जिन्यात गेला. आईने कप खाली ठेवला, टॉवेलने बोटे पुसली आणि ठसा माझ्याकडे सरकवला. सरकवताना तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

“तू आलास त्या दिवशी मी हॉस्पिटलात होते,” ती म्हणाली. “पण पंधरा दिवसांनी घरी आले तेव्हा तुझी ट्रंक इथे होती. गादीची वळकटी होती. पुस्तकं सगळी. हिवाळ्याची रजईसुद्धा.” ती जरा थांबली, लांब वाक्यांनंतर तिला दम घ्यावा लागतो. “आजारी आईला बघायला येणारा माणूस रजई घेऊन येतो का रे, धाकट्या? मे महिन्यात?”

ती रागावलेली नव्हती. तिने सात वर्षे ते आपल्याजवळ ठेवले होते, जसे ती बटणे ठेवते, डब्यात, केव्हातरी लागतील म्हणून.

“मला त्याचं काही नाही,” ती म्हणाली. “तू केलंस ते केलंस. माझं अंग पुसलंस, भांडी घासलीस, माझी बोलणी खाल्लीस. ते खरंच आहे. पण तो थोरला मोठ्या लोकांपुढे उभा राहून वाचणार आहे. त्याच्या तोंडी काय घालायचं ते तू बघ.”

दादा आत आला आणि बोलणे तिथेच थांबले. आईने त्याला विचारले की तुझ्या टोपीला गोंडे किती, आणि तो एका बाजूला सहा म्हणाल्यावर, एवढे गोंडे तर आमच्या पडद्याला होते, म्हणाली.

ते तीन दिवस मी कोणाला सांगितलेले नव्हते. आई पडली त्याच्या तीन दिवस आधी मी सेमिनरी सोडली होती. वाद झाला नाही, अपराध झाला नाही. सेमिनरीच्या प्रमुखांच्या, रेक्टर फादरांच्या, खोलीत जाऊन मी म्हणालो की मला देवाची हाक ऐकू येत नाही. बाकीच्यांना येते आणि मी त्यांचे चेहरे पाहून मान डोलावतो. त्यांनी थोपवले नाही. सामान घेऊन मी स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली आणि तीन दिवस पाव आणि केळी खाऊन तिथे बसलो. तिसऱ्या दिवशी खालच्या दुकानातून आमच्या घराशेजारच्या काकूंकडे फोन केला, कारण आमच्याकडे फोन नव्हता. मी नाव सांगताच त्या म्हणाल्या, तुला कळलं का? कोणी कळवलं? बरं झालं बाबा, लगेच निघ, आई पडली आहे. मी निघतो म्हणालो. तेवढेच. मी एकही खोटा शब्द बोललो नाही. माझ्यासाठी एक खोटी गोष्ट तयार होती आणि मी तिच्यात जाऊन राहिलो, जसा माणूस पावसात समोर दिसेल त्या वळचणीला जातो आणि मग तिथेच सात वर्षे काढतो.

बुधवारभर मी मोहरेला हात लावला नाही. स्वतःशी मात्र खूप बोललो. तीन दिवस म्हणजे काय, मी म्हणत होतो. सेमिनरी सोडलेला मुलगा शेवटी घरीच येतो; मी आलो त्याच गाडीने आलो असतो, फक्त दोन-चार दिवस मागेपुढे. आई पडली नसती तरी तिच्याजवळच राहिलो असतो. तारखा चुकीच्या आहेत, गोष्ट चुकीची नाही. हा युक्तिवाद मी इतक्या वेळा घासला की त्याला भिंगकाका म्हणतात तशी धार आली.

गुरुवारी नऊ वाजता, उजेड नुकता निवळत असताना, दादा कारखान्यात आला. तो पुस्तिकेचे कागद घेऊन इथूनच छापखान्यात जाणार होता. जाण्याआधी मोहरेवर शेवटची नजर टाकायची होती. भिंगकाका त्याला अहो-जाहो करत स्टूल पुसून देऊ लागले तेव्हा दादाने त्यांच्या हातातून फडके काढून घेतले आणि स्वतःच पुसले. काका मग लाख संपली आहे असे म्हणून बाहेर पडले. लाख संपली नव्हती. कपाटात दोन पेट्या होत्या. पण ते जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले, आणि मला वाटले की भिंगातून पाहणाऱ्या माणसाला सगळेच मोठे दिसत असणार.

दादाने ठोकळा उजेडाला धरला. तो म्हणाला की सुंदर झाला आहे. मग, ठोकळा तसाच धरून, माझ्याकडे न पाहता, म्हणाला की मला एक गोष्ट तुला सांगायची आहे. त्या वेळी त्याची परीक्षा होती. आई पडल्याचे पत्र त्याला वेळेवर मिळाले होते. तिकीटही मिळत होते. त्याने परीक्षा दिली आणि मग आला, आणि गेली सात वर्षे प्रत्येक मिस्सेत आईसाठी प्रार्थना करताना त्याला आधी तो परीक्षेचा कागद दिसतो. हा कंदील तुझा सत्कार नाही, तो म्हणाला. ती माझी कबुली आहे. मोहोर उमटवताना दर वेळी मला आठवायला हवे की दोघांपैकी आईकडे कोण गेला आणि परीक्षेला कोण बसून राहिला.

तेव्हा मी त्याला सांगितले. उभ्यानेच सांगितले, कोरणी हातात धरून. रेक्टर फादरांची खोली, लॉज, केळी, तीन दिवस, काकूंचा प्रश्न. ऐकताना त्याने ठोकळा हळूच गादीवर ठेवला. खाली गल्लीतून एक हातगाडी कुरकुरत गेली.

“तीन दिवस,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मला भीती वाटत होती तसे काही नव्हते. उलट एक प्रकारची दया होती, आणि ती मला जास्त जड गेली. “एवढंच? हे घेऊन सात वर्षं बसलास? अरे, सेमिनरी सोडलीस म्हणून काय झालं. मी वाक्य बदलतो. ‘सेमिनरी सोडली’ काढून टाकतो. ‘घरी परतला आणि थांबला’ असं लिहितो. ते तर खरं आहे ना?”

त्याने पेन काढले आणि कागद गुडघ्यावर ठेवून शब्द खोडू लागला. ते वाक्य आता खरोखर लहान आणि साधे झाले होते. ते वाचून कोणालाही माझ्याबद्दल चुकीचे काही कळणार नव्हते. कंदील राहणार होता, त्याची कबुली राहणार होती, आणि मी घासून धार लावलेला सगळा युक्तिवाद त्याने स्वतःच्या हाताने मला परत दिला होता. मी फक्त मान डोलवायची होती. मला ते चांगले जमते.

त्याने लिहिता लिहिता वर न पाहता विचारले, अगदी सहज, जसे माणूस पूर्ण झालेल्या वाक्याखाली रेघ ओढतो:

“आई पडली नसती तरी तू घरीच येत होतास ना?”

मी खिडकीकडे पाहिले. मग त्याच्याकडे. त्याचे पेन थांबले होते.

“नाही,” मी म्हणालो. “मी घरी येणार नाही, हे सांगायला तो फोन केला होता.”